सातभाईंना कोण विचारतं?

फुलंब्री,
मृग नक्षत्र

प्रिय मैना,

तुझं पत्र मिळालं. लेकीला शाळेत 'आजीच्या भाषेतले पक्षी' या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय आणि तू तिकडे यॉर्कशायरात बसून मला विचारतेस, "आपल्याकडे कोणत्या पक्ष्याचा काय अर्थ असतो गं?" पाच मिनिटं! अगं बाई, एकट्या कावळ्याला पाच मिनिटं पुरायची नाहीत. तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई एकटा मॅगपाय दिसला की अपशकुन टळावा म्हणून त्याला सलाम ठोकतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. आणि लंडनच्या किल्ल्यात तर निदान सहा रेव्हन कायम सांभाळतात म्हणे, ते गेले तर राज्य बुडेल या समजुतीनं. म्हणजे हे वेड आपल्या एकट्याचं नाही. तिला तेवढं आधीच सांगून ठेव, म्हणजे वर्गात उभं राहताना संकोच वाटायचा नाही.

सुरुवात तुझ्याच नावापासून कर. जात्यावर बसलेल्या बाईला मुलगा म्हणजे राघू आणि मुलगी म्हणजे मैना. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत हे राघू-मैना सारखे भेटतात. राघू घरात राहतो, मैना उडून दुसऱ्याच्या झाडावर जाते. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊ साठ्यांनी हीच मैना छक्कडीत आणली. मुंबईला पोटासाठी आलेल्या गड्याची गावी राहिलेली बायको म्हणजे मैना, आणि ऐकता ऐकता तीच महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होऊन बसते. शेतातली खरी मैना, म्हणजे आपली साळुंकी, मात्र कुणाची वाट बघत बसणारी नाही. दिवसभर बांधावर तरातरा चालते आणि चारचौघींशी भांडते. तुझ्याशी जमतं हो तिचं!

राघूची गत मात्र पार बदलली. आपल्या आजोबांच्या पिढीत पोपट हे ऐटीचं नाव होतं. हिवरे बाजार सुधारणारे पोपटराव पवार घे, 2020 ची पद्मश्री आहे त्यांच्या नावावर. आता कॉलेजातल्या पोरांत 'पोपट झाला' म्हणजे भर चौकात फजिती झाली. त्यामुळं नव्या बारशात हे नाव कुणी धरत नाही. माणसांनी आपल्याच बोलण्यात पक्ष्याला वर चढवायचं आणि आपणच खाली ओढायचं. पोपट बिचारा मक्याच्या कणसावर पूर्वी बसायचा, तसाच आजही बसतो.

आता इथलं सांगते. मृग लागलाय. गिरिजेच्या काठानं रानं तयार करून लोक आभाळाकडं डोळे लावून बसलेत. कुणाची कपाशी, कुणाचा मका, कुणाची अद्रक. आणि पहाटेपासून पावशा ओरडतोय, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. आवाज पायरी पायरीनं वर चढत जातो, अगदी फुटेल असं वाटतं, आणि एकदम थांबतो. गंमत अशी, की याच हाकेत हिंदीवाल्यांना 'पी कहाँ' ऐकू येतं, बंगाल्यांना 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, आणि इंग्रज साहेबाला उन्हाळ्यात झोप लागेना म्हणून त्यानं त्याचं नावच मेंदूज्वराचा पक्षी ठेवलं. हाक एकच. शेतकऱ्याला पेरणी आठवते, विरहिणीला प्रियकर आणि साहेबाला ताप. ज्याच्या डोक्यात जे चाललंय, ते त्याला ऐकू येतं. लेकीच्या पाच मिनिटांतलं पहिलं मिनिट हे होऊन जाऊ दे.

कृषी खातं मात्र पावशाचं ऐकू नका म्हणतं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा त्यांचा दरसालचा सांगावा असतो, आणि तो बरोबर आहे. मृगात पेरून पुढं पावसानं ताण दिला की दुबार पेरणी गळ्यात येते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

पावशाबरोबर लोक चातकाची गल्लत करतात. चातक वेगळा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पावसाळी वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येणारा. कालिदासानं 'मेघदूता'त मेघाच्या डाव्या हाताला गाणारा चातक शुभशकुन म्हणून ठेवला. तेव्हापासून तो आपल्या भाषेत वाटच पाहतोय. निकालाची वाट चातकासारखी, पगाराची वाट चातकासारखी. जमिनीवरचं पाणी तो पीत नाही, फक्त पावसाचे थेंब झेलतो, अशी त्याची ख्याती. तसं काही नाही हं! तहान लागली की तोही मिळेल ते पाणी पितो.

पण मला सांगायचंय ते पुढंच आहे. पावशा आणि चातक, आपले हे दोन्ही पाऊसपक्षी, स्वतःचं घरटं बांधत नाहीत. अंडी घालतात ती सातभाईंच्या घरट्यात. सातभाई आठवतात ना? मातकट रंगाचे, कायम टोळीनं फिरणारे, कुंपणाखाली पाचोळा उचकत कलकलाट करणारे. तिकडचे पक्षीवाले त्यांना सात बहिणी म्हणतात, आपण सातभाई. त्यांच्यात सगळी टोळी मिळून पिल्लांना भरवते. सख्खं कोण, परकं कोण, कुणी विचारत नाही. पावशा या दिवसांत घसा फोडून ओरडतो, तो आपल्या पेरणीसाठी नव्हे, त्याचा विणीचा हंगाम आहे म्हणून. म्हणजे ज्या हाकेवर अख्ख्या मराठवाड्यानं पेरणीचा मुहूर्त ऐकला, त्या हाकेमागं सातभाईंचं घरटं आहे. आणि भाषेत काय मिळालं सातभाईंना? चातकाला कालिदास, पावशाला शेतकऱ्याचा कान, आणि सातभाईंना फार तर एक आडनाव. त्यांच्या कष्टावर एक धड म्हण नाही.

एकदा हे ध्यानात आलं ना मैना, की मग सगळीकडं तेच दिसायला लागतं. नाव एकाचं, राबणारा दुसराच.

कोकिळेचं बघ. लता मंगेशकरांना आपण गानकोकिळा म्हटलं. 2015 साली अधिक आषाढ आला तेव्हा कोकिळाव्रत धरलेल्या बायका कोकिळेचा आवाज कानावर पडल्याशिवाय जेवत नव्हत्या. पण गातो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज नुसता किक्-किक्. आणि त्यांची पिल्लं वाढवतो कावळा. नर ओरडून कावळ्यांना मागं लावतो, तेवढ्यात मादी जाऊन अंडं घालून येते. जुन्यांना हे चांगलं माहीत होतं. संस्कृतात कोकिळेला परभृत म्हणतात, दुसऱ्यानं पोसलेली. शाकुंतलात दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला खोटं पाडताना हाच दाखला देतो. आमच्या मागच्या लिंबावर सध्या एक कावळी अशाच एका वटवटणाऱ्या पिल्लाच्या चोचीत घास कोंबतेय. शकुंतलेचं काय व्हायचं ते होवो, कावळीला कुणी शाबासकी दिलेली मला तरी ठाऊक नाही.

आणि याच कावळ्याला आपण काय काय करायला लावलंय! छपरावर ओरडला की पाहुणा येणार. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीनं तर त्याला शकुन सांगितल्याबद्दल सोन्यानं पाय मढवायचं कबूल केलंय. लहानपणी पहिला घास काऊचा, मेल्यावर शेवटचा घासही काऊचाच. मधल्या काळात मात्र हाकलून द्यायचं. पैठणला गोदावरीच्या घाटावर दहाव्या दिवशी माणसं पिंड ठेवून हात जोडून उभी असतात. कावळा शिवेना की कुजबुज सुरू होते, काय राहिलं असेल मागं? मग मुलगा म्हणतो, धाकटीचं लग्न मी लावून देईन. भाऊ म्हणतो, वावर विकणार नाही. एरवी कधीही न निघालेले शब्द त्या काळ्या पक्ष्यासमोर चारचौघांत निघतात. आणि तरीही नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून शिववतात. बाबा भांड यांची 'दशक्रिया' याच घाटावरची, तिच्यावरच्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सापडली तर वाच.

आणि आपल्या बायकांच्या बोलण्यातला 'कावळा शिवला' तू विसरली नसशील. त्याच्या शिवण्यानं मेलेला सुटायचा आणि त्याच्याच शिवण्यानं जिती बाई चार दिवस कोपऱ्यात बसायची. बिचारा शिवलाही नसायचा. घरातल्या मोठ्यांना लेकरांसमोर खरं बोलायचं नव्हतं, म्हणून त्याच्यावर ढकललं. लेकीला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी असते तर सांगितलं असतं.

सुगरणीचंही तेच. शेजारच्या खानदेशात बहिणाबाईंनी तिच्या खोप्यावर केलेली कविता आपण शाळेत घोकली. सुगरण म्हटलं की बाईच डोळ्यांपुढं येते. पण विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे ते खोपे नर विणतो, आणि अर्धवट झाले की मादी येऊन पारख करते. पसंत पडला तर संसार, नाहीतर चालली दुसरा बघायला. बहिणाबाईंनी त्या विणकामातला जीव ओळखला तो खराच आहे, कारण खोपा कुणीही विणो, चोचीशिवाय दुसरं हत्यार नाही ही गोष्ट काही बदलत नाही.

भारद्वाजाला ऋषीचं नाव. सकाळी दिसला की दिवस चांगला जाणार. तो मात्र दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी आणि पिल्लं उचलत हिंडतो. नाव कुणाला काय मिळेल ते सांगता येत नाही बघ! आणि पैठणीच्या काठावरची मुनिया? हिरवीगार, लाल चोचीची, सरळ सरळ पोपट. शेतातली खरी मुनिया अंगठ्याएवढी, गवताचं बी टिपणारी. विणकरानं नाव एकीचं घेतलं आणि रंग दुसऱ्याचा.

घुबडाचं तर विचारूच नकोस. बंगाल्यांकडं ते लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजेत असतं आणि आपल्याकडं त्याला दगडही मारायचा नाही. दयेपोटी नव्हे हं, तो दगड ते घाशीत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो म्हणून. शेतातले उंदीर फस्त करतं ते कुणी मोजत नाही. त्यातल्या त्यात नशीबवान त्याचं धाकटं भावंड, पिंगळा. पहाटे कुडमुडं वाजवत भविष्य सांगत फिरणारा जोशीच त्याच्या नावावर ओळखला जातो, आणि आपल्या पैठणच्या नाथांनी भारुडात त्याला जागा दिली. पिंगळ्याच्याच जातकुळीतला रानपिंगळा तर 1884 नंतर कुणाला सापडलाच नव्हता. संपला असं लोक धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला, भर दिवसा. शुभ-अशुभ ठरवायला इतकी माणसं होती आणि एकशे तेरा वर्षं वर मान करून बघणारं कुणी नव्हतं.

आता टिटवी. हिच्यासाठी लेकीला एक अख्खं मिनिट राखून ठेवायला सांग. रात्री टिटवी ओरडत गेली की आपल्याकडं बायका दाराशी येऊन पुटपुटतात, कुणाचं काय झालं म्हणून. पण रात्रीची लाईट आली की दारं धरायला शेतात गेलेल्या गड्याला विचार. तो सांगेल ती का ओरडते. उघड्या रानात, ढेकळांत अंडी. ना झाड, ना आडोसा. कोल्हा आला, कुत्रं आलं, बॅटरी घेऊन माणूस आला की ती उठते आणि आरडाओरडा करून त्याला भलतीकडं नेते. दुसऱ्याच्या मरणाची बातमी ती देत नाही, आपल्या अंड्यांवर पहारा करते. बांधावर उंचावट्याला अंडी घातली तर पाऊस जोराचा, असंही इथले म्हातारे सांगतात. म्हणजे दिवसा ती हवामान खातं आणि रात्री यमाचा दूत.

आणि अशा या बदनाम पक्ष्याला ज्ञानेश्वरांनी कुठं बसवलं बघ. नेवासा इथून फार लांब नाही. तिथं शके 1212 मध्ये गीता मराठीत सांगायला बसले तेव्हा पहिल्याच अध्यायात, आपलं हे धाडस केवढं मोठं आहे ते सांगताना त्यांनी उपमा दिली टिटवीची, चोचीनं समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीची. पंचतंत्रातली गोष्ट त्यांच्या मनात असणारच. पण आपेगावचं, गोदाकाठचं ते घराणं. टिटवी त्यांना पोथीत भेटायच्या आधी वाळवंटात भेटली असेल, असं मला आपलं वाटतं. मराठी भाषेचा एवढा मोठा ग्रंथ, आणि सुरुवातीला गरुड नाही, हंस नाही. टिटवी आहे.

हंसही पुढं येतो, अगदी शेवटी अठराव्या अध्यायातही. राजहंस डौलानं चालतो म्हणून बाकीच्यांनी चालूच नये की काय, असं ते विचारतात. हंस म्हणजे दूध-पाणी वेगळं करणारा विवेकी पक्षी, अशी आपली समजूत. फोगेल नावाच्या डच पंडितानं 1962 मध्ये छापून आलेल्या पुस्तकात दाखवलं की जुन्या साहित्यातला आणि शिल्पातला हंस म्हणजे पांढराशुभ्र, लांब मानेचा स्वान नव्हे, आपल्याकडं हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा कलहंसच. आपल्या दारावरनं जाणारा हा अजिंठ्याचा रस्ता धरला की सतराव्या लेण्यात हंसजातक चितारलेलं आहे, फासात सापडलेल्या राजहंसाचं आणि त्याला सोडून न जाणाऱ्या सेनापतीचं. आपण कॅलेंडरवरचा स्वान बघून हंस ठरवला. त्या चित्रकारांनी तळ्याकाठचा बघितला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे मैना. पक्ष्यांना दिलेले अर्थ खोटे आहेत, सोडून द्या, असं मी म्हणत नाही. चातक नसेल तर वाट बघण्याला शब्द कुठून आणायचा? आणि कावळा नसेल तर घाटावर त्या मुलाच्या तोंडून धाकटीच्या लग्नाचा शब्द कोण काढून घेईल? अर्थ राहू देत. पण अर्थ आपला आहे, पक्ष्याचा नाही, हे ध्यानात ठेवावं आणि एकदा तरी मान वर करून त्याच्याकडं बघावं. ज्यांनी बघितलं, त्यांच्या ओळी सातशे वर्षं टिकल्या. ज्यांनी नुसतं ऐकून धरलं, त्यांच्या हाती अपशकुन उरला.

लेकीला आणखी एक काम दे. तिकडं कक्कू ओरडला की वसंत आला असं म्हणतात ना? वर्षातला पहिला कक्कू ऐकला म्हणून लोक वर्तमानपत्राला पत्रं धाडायचे. तर तुमच्या यॉर्कशायरच्या माळांवर तो कक्कू बहुतेक वेळा तिरचिमणीच्या घरट्यात अंडं घालतो. तळहातावर मावेल एवढी ती चिमणी, स्वतःच्या चौपट पिल्लाला भरवत राहते. वर्गातल्या पोरांना म्हणावं, वसंत कोण आणतं ते तुम्ही सांगितलंत, आता त्याला वाढवतं कोण ते सांगा. बघू किती हात वर होतात.

बाकी सगळं ठीक. दिवाळीनंतर येणार म्हणतेस, तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ये. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा, म्हणून तो अख्खा आठवडा सरकारनं पक्षी सप्ताह म्हणून लावून दिलाय. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले, पण त्यांचा 'पक्षिकोश' माझ्याकडं आहे. एकेका पक्ष्याची गावोगावची नावं त्यात आहेत, लेकीला दाखवीन. जायकवाडीला जाऊ. येताना दुर्बीण आण, चॉकलेटं नकोत.

तुझी,
फुलंब्रीची साळुंकी

ता. क. तुमचा राज्यपक्षी कोणता असं कुणी विचारलं, तर घाईघाईनं मोर सांगू नको म्हणावं. महाराष्ट्राचा हरियाल. हिरवट-पिवळं कबूतर, पिवळे पाय, वड-पिंपळाची फळं खातो, आणि जमिनीला पाय लावत नाही अशी समजूत. हिंदीत सूरदासांच्या गोपी कृष्णाला त्याच्या पायातल्या काटकीसारखं घट्ट धरून ठेवतात. मराठीत त्याच्यावरची एकही म्हण मला आठवत नाही. लेकीला सांग, एक तूच कर. चांगली जमली तर मी इथं फुलंब्रीत चालवून देते.